पिशवीतली उपरणी

देवगाव फाट्यावर मी जिंतूरच्या एसटीची वाट बघत होतो. शेजारच्या म्हाताऱ्याच्या पिशवीत सगळ्या पक्षांची उपरणी होती. प्रचाराची जी जीप येईल तिचं उपरणं गळ्यात टाकायचं आणि फुकट जायचं, हा त्याचा निवडणुकीतला प्रवास.

लांबून साहेबांची जीप दिसली. त्यानं ऐटीत पिवळं टाकलं. जीप थांबली अन् कार्यकर्ता खेकसला, "ओ बाबा, साहेबांनी रात्रीच पक्ष बदललाय. आता जांभळं."

बाबानं पिवळ्याची शांतपणे घडी घातली. "बदलायलोय की. दम धरा."

पुढं बसलेल्या साहेबांनी स्वतःच्या गळ्यातलं पिवळं चाचपलं आणि हळूच विचारलं, "बाबा, अजून एक जांभळं हाय का?"

"हाय," बाबानं माझ्याकडं बोट केलं, "पण मग हे पाहुणे बी बसतेत."