आत्याच्या गाडीतला मागचा पाइप

माझ्या आत्याला सगळ्याची किळस येते, आणि मला आत्याच्या किळसेची. आमच्याकडे आली की दाराची कडी फडक्याने धरणार, खुर्चीच्या टोकावर बसणार आणि उठताना खुर्चीची बैठक, खुर्चीचे हात, पाण्याचा पेला, सगळं पुसून जाणार. ती गेली की आई धुसफुसायची, एवढा अपमान तर परकी माणसंही करत नाहीत. आत्या रुग्णालयाच्या धुलाईखान्यात होती. रक्ताच्या, ओकाऱ्यांच्या चादरी वर्षानुवर्षं उपसल्यावर माणसाचं डोकं फिरणारच, असं म्हणून आम्ही सोडून द्यायचो.

निवृत्त झाल्यावर तिने एक जुनाट मोटारहोम घेतली. आत पलंग, ओटा, संडास, सगळं होतं. गावाबाहेर एका मैदानात अशा गाड्या भाड्याने उभ्या राहतात, तिथे ती एकटी राहू लागली. मैदानाच्या मालकाचा नियम एकच: जी गाडी स्वतःच्या चाकांवर बाहेर पडू शकते, तीच इथे राहणार. आणि यंदा आत्याच्या गाडीतलं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं ते हिरवं पाणी, भरलं की गायब व्हायला लागलं. इंजिन तापून बंद पडायचं. मालकाने सांगितलं, महिनाअखेरीला फेरी मारून दाखवा, नाहीतर गाडी भंगारात द्या.

भंगारात गेली तर आत्या आमच्याकडे येणार होती. बाबांनी तिची खोलीसुद्धा ठरवली होती. माझी. त्यामुळे ती गाडी सुरू व्हावी म्हणून आत्याच्या खालोखाल मीच जीव टाकत होते.

मिस्त्री आला, गाडीखाली सरपटला आणि कपाळाला हात लावून बाहेर आला. पाइप गळतो तिथे पांढरट चिकट डाग पडतो, तो बघून पाइप शोधायचा असतो. इथे डागच नव्हता. आत्याने गाडीखालून हाताला लागेल तो प्रत्येक पाइप साबणाने घासून लखलखीत ठेवला होता. समोरच्या काचेवर आतून रोज गोडसर वासाचा तेलकट थर धरायचा, तोही ती रोज पुसायची. तो शेजारणीच्या तळणाचा आहे असं समजून तिने त्या बिचारीला तोंडावर घाणेरडी म्हटलं होतं. प्रत्यक्षात ती गळक्या कूलंटची वाफ होती.

"बाई, चोर पकडायला मला बोलावता आणि त्याच्या पावलांचे ठसे स्वतःच पुसता," मिस्त्री म्हणाला. आता डाग दिसेपर्यंत कशालाही फडकं लावायचं नाही, एवढंच सांगून तो गेला.

मग आत्यावर पहारा द्यायला बाबांनी मला पाठवलं. रोज थोडा वेळ इंजिन चालवायचं आणि घाण साचू द्यायची. काचेवरचा थर शेंबडासारखा दाट झाला. त्यात एक माशी चिकटली, मेली आणि तशीच राहिली. करपून नासलेल्या पाकासारखा वास कपड्यांत, केसांत, चहात शिरला. आत्या दोन्ही हात मांडीखाली दाबून माशीकडे बघत बसायची. तिचा तो चेहरा माझ्या डोक्यात जायचा.

शेवटी एकदाचा ओघळ दिसला. या गाडीचं इंजिन पुढच्या दोन सीटांच्या मधे, एका झाकणाखाली असतं. झाकणाच्या मागच्या कडेतून हिरवं काहीतरी सतरंजीवर पसरत होतं. आत्याने ते झाकण वास येऊ नये म्हणून चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून टाकलं होतं. मिस्त्री परत आला, त्याने पट्टी फाडून झाकण उचललं आणि मी नाक दाबून मागे सरले. आत काळं ग्रीस, उंदराचं घरटं आणि त्यात वाळून चामडं झालेला उंदीर. पाइप दाबले की भुसभुशीत व्हायचे. हात पोचेल ते सगळे त्याने बदलले. गळका मात्र सर्वांत मागे, इंजिन आणि पत्र्याच्या फटीत खोल होता. मिस्त्रीचा हात कोपरालाच अडकला. बारीक हात हवा, तोही हातमोज्याशिवाय, नाहीतर क्लिप हाताला लागत नाही, असं म्हणून त्याने माझ्याकडे बघितलं.

मी तोंड वाकडं करून बाही वर सारली आणि हात घातला. बोटांना काहीतरी मऊ, ओलं, केसाळ लागलं.

"हात काढ," आत्या म्हणाली. "दिसत नाही तिथे हात घालायचा नसतो."

माझा तोल गेला. तुझ्या या किळसेपायी गाडी भंगारात जाईल, असं मी तिला सुनावलं.

ती माझ्याजवळ येऊन उकिडवी बसली आणि सांगू लागली. धुलाईखान्यात एकदा चादरीच्या घडीत कुणीतरी रुग्णाला टोचलेली सुई विसरलं होतं, ती तिच्या तळहातात घुसली. तेव्हा ती आमच्याकडेच राहत होती. त्या सुईतून काही रोग लागला का, याच्या तपासण्या पुऱ्या व्हायला कित्येक महिने गेले. यातलं मला काहीच माहीत नव्हतं.

"मला कसली आलीय किळस?" ती म्हणाली. "तुझ्या आईला माझी आली होती. माझं ताट वेगळं, टॉवेल वेगळा. मी बाथरूममधून निघाले की मागोमाग फिनेल. तपासण्या चांगल्या आल्या, तरी फिनेल थांबलं नाही. मला त्या घरात परत नेऊ नका गं."

मिस्त्री उगाचच हत्यारांच्या पेटीतले पाने खालीवर करत बसला. आत्याने हातातला रबरी मोजा काढला, गाल त्या ग्रीसवर टेकला, डोळे मिटले आणि खांद्यापर्यंत हात आत सोडला. आधी घरट्याच्या ओल्या चिंध्या निघाल्या, मग गंजलेली क्लिप, मग कुजलेल्या आतड्यासारखा पाइप. नवा पाइपही तिनेच आत सरकवून बसवला. मिस्त्रीने वरून लांब दांड्याच्या पान्याने क्लिप आवळली.

महिनाअखेरीला गाडीने मैदानाला फेरी मारली. मालक मान हलवून निघून गेला. आत्या हात धूत होती, तिला तशीच सोडून मी घरी आले.

आत्या काही येत नाही म्हटल्यावर आई मोकळी झाली, ते तिच्या खांद्यांवरून कळलं. मी फिनेलचं विचारलं. तिने नाकारलं नाही. ओटा पुसत राहिली आणि म्हणाली, "घरात तान्हं मूल होतं. मी दुसरं काय करणार होते?"

आमच्या घरात मूल एकच झालं. मी.