तोफगोळ्यांच्या पेटीतली घुबडं

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल, अक्षरही कोंबडीचे पाय उमटल्यासारखं आहे. ही वही कोणाला दाखवायची नाही, पण पुढेमागे कोणाच्या हाती लागली तर माफी असावी. आमच्या कुंपणापलीकडचे तोफवाले आबा जाऊन बरीच वर्षं झाली आणि गावात त्यांच्या नावाने फक्त त्यांच्या काठीचंच बोलतात, म्हणून लिहिते.

आबा बोलत नसत, ओरडत. देवळाली कॅम्पला तोफखान्यात नोकरी करून त्यांचा एक कान गेला होता. निफाडजवळच्या आमच्या गावात ते कोणाला रामराम घालू लागले तरी भांडण जुंपलंय असं वाटे. मी सत्त्याण्णव साली लग्न होऊन इथे आले. परक्या पुरुषासमोर माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. आबा मला मुकी म्हणत. "ए मुके, पाणी दे!" पाणी पिऊन झालं की तांब्या स्वतः विसळून पालथा घालत. सासरी दुसऱ्या कोणा पुरुषाने तांब्या विसळलेला मी पाहिला नव्हता.

देवळालीच्या भंगारातून ते तोफगोळ्यांच्या रिकाम्या लाकडी पेट्या आणत. बाजूला पंज्याएवढं भोक पाडत, तळाला भुसा पसरत आणि लोकांच्या गोठ्याच्या आढ्याला ठोकत. गव्हाणी घुबडांनी आत अंडी घालावी म्हणून. द्राक्षबागा लावताना जुनी पोकळ झाडं तुटली होती. घुबडांना जागा राहिली नव्हती, आणि उंदीर ठिबकच्या नळ्यांपासून कणगीतल्या गव्हापर्यंत सगळं कुरतडत होते. पण घुबड आलं की घरात मरण येतं, असं म्हणून लोक नको म्हणत. मग आबा घुबडाने ओकलेल्या काळ्या गोळ्या आणून त्याच माणसाच्या ओट्यावर फोडत. आतून केस आणि उंदरांच्या इवल्या कवट्या निघत. "मोज! सात मुंडकी हायेत. तू मारले व्हते का रं सात?"

एकदा दिवाळीच्या अमावस्येआधी कोणा मांत्रिकासाठी घुबड धरायला आलेला माणूस त्यांना सापडला. आबांनी त्याचा हात दगडावर ठेवला आणि बुटाच्या टाचेने बोटं चेचली. "ह्याच बोटांनी धरणार व्हता ना?" त्याचं ओरडणं मी भाकरी थापता थापता ऐकलं. सासूबाई म्हणाल्या, "राक्षस हाय मेला." मला भीती वाटली, आणि खरं सांगते, बरंही वाटलं.

आमच्या गोठ्यातल्या पेटीत त्या वर्षी चार पिल्लं होती. पांढऱ्या तोंडाची, सापासारखी फुसफुसणारी. आबांनी गावाला बजावलं होतं, "उंदराला औषध घातलं तर हात तोडीन. औषध खाल्लेला उंदीर घुबड खातं अन् घुबड बी मरतं." पण सासूबाईंनी कणगीला पडलेलं भोक पाहिलं आणि औषधाची पुडी माझ्या हातात दिली. नाही म्हणायची माझी छाती नव्हती. मी पीठ, गूळ आणि औषध मळून गोळ्या केल्या आणि भिंतीकडेला ठेवल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी मादी पेटीखाली पडली होती, पंख पसरून. वर दोन पिल्लं मेलेली. आबा आले, ते काहीच ओरडले नाहीत. तेच भयंकर होतं. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, बैलाला वैरण टाकत होते. आबांची पहिली काठी त्यांच्या पाठीत बसली. मी दारातच उभी होते. मी घातलं, एवढंच म्हणायचं होतं. ओठ हलले, आवाज येईना. दुसरी काठी डोक्यात बसली. रक्त कानावरून सदऱ्यात उतरलं, तेव्हा माझा आवाज फुटला. "मी! मी घातलं औषध!"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. काठी तशीच वर. मग खाली गेली.

सात टाके पडले. मालकांनी बांधावरून आबांना बजावलं, "परत वाड्यात पाय ठिवला तर तंगडी मोडीन, म्हाताऱ्या!" पोलिसात मात्र ते गेले नाहीत. मला वाटलं, उरलेली दोन पिल्लं आता जाणार. नरही परत दिसला नव्हता. दुसऱ्या दिवशी पहाटे कुंपणावरून धप्पकन काहीतरी अंगणात पडलं. काठीने ठेचलेले तीन उंदीर. पलीकडून आवाज आला, "मुके, बारीक तुकडे कर! केसासकट घाल!"

मी कोंबडीही कापली नव्हती. जुना विळा घेतला, डोळे मिटून पहिलं मुंडकं तोडलं आणि ओकले. दुसरं डोळे उघडे ठेवून तोडलं. महिनाभर रोज कुंपणावरून उंदीर पडत, मी कापत असे, शिडीवर चढून चिमट्याने भरवत असे. एक पिल्लू वाचलं नाही. दुसऱ्याने माझं बोट हाडापर्यंत फोडलं आणि मोठं झालं. मालक रोज लांबून बघत. फक्त शिडी हलायला लागली की येऊन धरत.

ज्या संध्याकाळी पिल्लाने आढ्यावरून झेप घेऊन गोठ्यातच स्वतः उंदीर धरला आणि आमच्यादेखत फाडला, तेव्हा मालक कुंपणाशी गेले. "या आबा. बघून जा."

आबा आले. पाखराकडे पाहिलं. मग टोपी काढून काठी मालकांच्या हातात दिली आणि वाकून उभे राहिले. "बाळ्या, दोन तुझ्या हायेत माझ्याकडं. काढून घे."

मालक हसतील असं मला वाटलं. त्यांनी काठी उचलली आणि पाठीत एक खरीखुरी हाणली. आबा गुडघ्यावर आले, पण डोकं खालीच ठेवलं. "एक राह्यली. डोक्यातली."

"ती माझी हाय," मी म्हणाले. "मी येळेवर बोलले नाय."

मालकांनी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. "ठावं हाय मला," म्हणाले, आणि आबांना दंडाला धरून उठवलं.