पाच नंबर बेडचा पेजर

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी मला अंगारे-धुपाऱ्यांचे पत्ते पाठवायला नकोत... मी असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास ठेवणारी बाई नाही. सासूबाईंनी दारावर टांगलेलं लिंबू मी एकदा, घरात दुसरं नव्हतं म्हणून, पाहुण्यांच्या सरबतात पिळलं होतं. पाहुणे आजही ठणठणीत आहेत. सासूबाई मात्र बरेच दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत. या ग्रुपवरचे असले अनुभवसुद्धा मी भाजी निवडता निवडता, जरा करमणूक म्हणून वाचत आले. आणि आज मीच लिहायला बसले आहे – तेव्हा हसा खुशाल, माझी हरकत नाही.

मी नांदेडची. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय. नवरा आणि मी मिळून वायरलेसची कामं करतो – कारखान्यांना, मंगल कार्यालयांना वॉकी-टॉकी, हॉटेलांना टेबलावरची बेल आणि दवाखान्यांना पेजर. पेजर म्हटलं की लोक डोळे मोठे करून विचारतात, "ते अजून असतंय का?" असतंय हो! गावभर चालणारं पेजरचं नेटवर्क कधीच गेलं, पण एका आवारापुरतं छोटं नेटवर्क अजूनही बसवतात. छपरावर एक अँटेना, डेस्कवर बटणांचा एक बोर्ड, आणि कंपाऊंडच्या आत फिरणारे पेजर... बस्स.

पेजर प्रोग्रॅम करणं म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. कोरा पेजर कुणाचाच नसतो. तो लॅपटॉपला जोडलेल्या स्टँडवर ठेवायचा, फ्रिक्वेन्सी भरायची आणि त्याला त्याचा असा एक नंबर द्यायचा. डेस्कवरून बटण दाबलं की तो नंबर हवेत जातो. हाक आवारातल्या सगळ्या पेजरना ऐकू जाते, ओ मात्र ज्याचा नंबर तोच देतो. वाजायचं कसं, थरथरायचं कसं, हेही तिथेच ठरवता येतं. आमच्या आयसीयूच्या पेजरना मी दोन तुटक आणि एक लांब अशी थरथर दिली होती, म्हणजे गर्दीत खिशातल्या मोबाईलशी घोटाळा होऊ नये.

तर लातूरच्या एका खाजगी दवाखान्यात आम्ही ही सिस्टिम बसवली होती. आपल्याकडे पेशंट एक असतो आणि त्याच्यासोबत गाडी भरून माणसं येतात, हे तुम्हाला काय सांगायचं! आवारातल्या पत्र्याच्या शेडमध्ये सतरंज्या, डबे, कळशा... डॉक्टरांना पेशंटच्या माणसाशी बोलायचं असलं की त्याचा फोन नेमका बंद. माईकवरून नाव पुकारलं की त्याच नावाची आणखी दोन माणसं धावत येणार. म्हणून डॉक्टरांनी ठरवलं – आयसीयूच्या प्रत्येक बेडला एक पेजर, आणि तो नातेवाइकांच्या हातात.

त्या दिवशी मी काही वाढीव बेडचे पेजर प्रोग्रॅम करायला लातूरला गेले होते. दवाखान्याच्या स्टोअरमध्ये लॅपटॉप मांडून बसले, तेवढ्यात चाळिशीचा एक माणूस दारात आला. लातूरजवळच्या मुरुडचा, नाव सोमनाथ. गावात किराणा दुकान. वडील पाच नंबर बेडवर, मेंदूत रक्तस्राव झालेला, शुद्ध नाही. त्यानं ओशाळं हसत हातातला पेजर पुढं केला. पेजरमधून पाणी गळत होतं.

"हे काय केलंत?"

"म्या न्हाई केलं मॅडम. आमच्या अव्वानं त्याला आंगुळ घातली."

मला आधी वाटलं, चेष्टा करतोय. मग मीच त्याच्याबरोबर शेडमध्ये गेले, चांगली खरडपट्टी काढायच्या इराद्यानं. अव्वा, म्हणजे त्याची आई, सतरंजीवर ताठ बसल्या होत्या. कपाळावर भस्माचे पट्टे, पुढ्यात तांब्या, मांडीवर चांदीची एक डबी.

"अव्वा, मशीनला पाणी चालतं का? बिघडलं की ते!"

"तसं कसं माय," त्या मलाच समजवायच्या सुरात म्हणाल्या, "ह्येच्यातनंच तर त्यांचा सांगावा येनार. मग त्येला बिनआंगुळीचं कसं ठिवू? लिंगाची पूजा केली, संगं ह्येची बी केली."

खरडपट्टी राहिली बाजूला. खाली बसले आणि त्यांचं ऐकत गेले.

हे लिंगायत कुटुंब. त्यांच्यात प्रत्येकाच्या गळ्यात लहानपणापासून स्वतःचं इष्टलिंग असतं. रोज ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा करतात, आणि माणूस जातो तेव्हाही ते त्याच्या हातात असावं लागतं. अप्पांना, म्हणजे अव्वांच्या मालकांना, आयसीयूत घेताना नियमाप्रमाणे अंगावरचं सगळं काढून नातेवाइकांकडे दिलं होतं – अंगठी, करदोटा, आणि ती चांदीची डबी. त्या डबीत अप्पांचं लिंग. आयसीयूत बाहेरची वस्तू ठेवता येत नाही, भेटायचं तेही काचेतून. अव्वांनी तिथल्या रेखा सिस्टरना हात जोडले, तेव्हा त्यांनी शब्द दिला होता की तशी वेळ आलीच तर मी आधी तुम्हाला बोलावते, पेजर वाजला की या.

"डाक्टर म्हनत्यात, आशा कमी हाय," अव्वा म्हणाल्या. आवाज अजिबात हलला नाही त्यांचा. "ऱ्हातील का जातील, त्ये शिवाच्या हातात. पर लिंगाबिगर जाऊ देनार न्हाई मी त्यांला. सात वर्साचे व्हते तवापासून गळ्यात हाय. आता शेवटाला रिकामं पाठवू व्हय?"

मी पेजर घेऊन स्टोअरमध्ये परत आले. उघडला, तर आत पाणी आणि भस्म यांचा चिखल. सेल काढला, आतला सर्किट बोर्ड काढून पुसला, सुकवला, दुसरा सेल लावून पाहिला... काही नाही. स्टँडवर ठेवला तर लॅपटॉपला तो दिसेचना. बोर्ड एका पिशवीत, सेल दुसऱ्या पिशवीत घालून दोन्ही माझ्या बॅगेत टाकले. नवा पेजर घेतला, त्याला पाच नंबर बेडचा नंबर दिला, डेस्कवरून बटण दाबून तपासला. व्यवस्थित वाजला.

नवा पेजर सोमनाथनं खिशात टाकला. म्हणाला, "आता माझ्यापाशीच ऱ्हाऊ द्या. अव्वा ह्येला बी न्हाऊ घालील." मीही हसले. मी त्याला बजावलं की हा कंपाऊंडच्या बाहेर वाजत नाही, बाहेर जाताना अव्वांकडे देऊन जा. तो हाव हाव म्हणाला.

अव्वांनी मात्र जुना पेजर परत मागितला. "लिंगासंगं पूजा केलेली वस्तू हाय, कचऱ्यात टाकू नगं. मला दे." आता त्यात द्यायला होतं काय? नुसतं प्लास्टिकचं कवच. मी झाकण लावून दिलं. त्यांनी ते चांदीच्या डबीशेजारी, पदरात गुंडाळून ठेवलं.

दुपारी काम उरकलं. नांदेडच्या गाडीला वेळ होता, आणि अव्वांनी जेवल्याशिवाय हलू दिलं नाही. आम्ही दोघीच सतरंजीवर बसलो होतो. त्यांच्या गावाकडून आलेल्या डब्यातली ज्वारीची भाकर आणि शेंगाची चटणी. नवरा आत तसा पडलेला, आणि ही बाई मला आग्रह करून वाढत होती. सोमनाथ डॉक्टरांनी लिहून दिलेलं इंजेक्शन आणायला बाहेरच्या मेडिकलवर गेला होता... खिशातल्या पेजरसकट. माझ्या ते लक्षातही आलं नाही.

घास मोडता मोडता अव्वा थांबल्या.

"माय, वाजायलंय."

"काय वाजायलंय?"

"ह्ये." त्यांनी माझं मनगट धरलं आणि माझा हात पदराच्या त्या गुंडाळीवर ठेवला.

दोन तुटक. एक लांब. पुन्हा दोन तुटक, एक लांब.

मी पदर बाजूला केला. कवच हातात घेतलं. ते माझ्या बोटांत थरथरत होतं. वजन नसलेलं, रिकामं प्लास्टिक! थरथरणारी मोटर बोर्डालाच डकवलेली असते, आणि बोर्ड माझ्या बॅगेत, बॅग माझ्या खांद्याला. मी येड्यासारखी सतरंजी उचलून पाहिली, खाली कुणाचा मोबाईल आहे का म्हणून. नव्हता. अव्वांकडे मोबाईल नव्हताच, आणि माझा बॅगेत गप्प पडलेला. अंगावर काटा येतो म्हणतात ना, तो मला आयुष्यात पहिल्यांदा आला, आणि खरं सांगते, मी घाबरले.

अव्वा घाबरल्या नाहीत. त्या डबी घेऊन उठल्या आणि चालायला लागल्यासुद्धा.

आयसीयूच्या दारात वॉचमननं अडवलं. "अव्वा, भेटायचा टाइम न्हाई आता."

"पाच नंबरचा कॉल आहे," मी म्हणाले.

आत रेखा सिस्टर डेस्कवरच होत्या. "मी कुठं बटण दाबलं? मॅडम, पाच नंबर स्टेबल आहे. बीपी पण ठीक आहे."

आता माझ्याकडे दोन रस्ते होते. खरं सांगायचं, की सिस्टर, प्लास्टिकचं एक रिकामं कवच थरथरलं म्हणून आम्ही आलोय. किंवा खोटं बोलायचं.

"सिस्टर, सिस्टिम मी बसवलीय. कॉल आला म्हणते ना मी?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग अव्वांकडे, मग अव्वांच्या मुठीतल्या डबीकडे. मशीनवरून माझ्याशी वाद कोण घालणार! पण मला वाटतं, त्यांनी वाद घातला नाही तो वेगळ्याच कारणानं. "या," त्या हळूच म्हणाल्या. "आधी हात धुवा. आणि दोन मिनिटं फक्त."

अप्पांच्या डाव्या हाताच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा होता. कुणी काही सांगायच्या आत सिस्टरनं तो काढून उजव्या हाताला लावला. अव्वांनी डबी उघडली. काळं, गुळगुळीत, सुपारीएवढं लिंग. बोटांत धरायची ताकद अप्पांना नव्हती, म्हणून मी खालून त्यांचा तळहात पेलला. अव्वांनी लिंग ठेवलं, एकेक बोट मिटवलं आणि वरून आपल्या दोन्ही हातांनी ती मूठ झाकली. मग त्यांच्या कानाशी वाकल्या.

"लिंग हाय हातात. मी बी हाय. दुकानाचं सोम्या बघतोय, तुमी कशाची चिंता करू नगा."

आम्ही तशाच उभ्या होतो. दोन मिनिटं संपली असावीत, पण सिस्टरनी आम्हाला बाहेर काढलं नाही. आणि मग मॉनिटरचा आवाज बदलला. डॉक्टर धावत आले, पडदा ओढला गेला. सिस्टरनं डेस्कवर जाऊन पाचचं बटण दाबलं, परत परत दाबलं, सोमनाथसाठी. तो त्या वेळी मेडिकलच्या रांगेत होता.

तो आला तेव्हा सगळं संपलेलं होतं. हातात इंजेक्शनची पिशवी. त्यानं खिशातून पेजर काढून माझ्यापुढं धरला. "वाजलाच न्हाई मॅडम... वाजलाच न्हाई ओ." कंपाऊंडच्या बाहेर तो वाजणार नव्हताच. पण बापाला वाचवायला धावलेल्या पोराला त्या घडीला हे कोण सांगणार? अव्वांनीच त्याचं डोकं जवळ ओढलं. "येड्या, मी व्हते की तितं. लिंग बी व्हतं." मग मात्र दोघंही रडली, आणि मीही बाजूला उभी राहून मनसोक्त रडले.

निघायच्या आधी मी डेस्कची नोंद तपासली. त्या दुपारी पाच नंबरला गेलेले कॉल फक्त शेवटचे, सिस्टरनं सोमनाथसाठी केलेले. त्याच्या आधी माझ्या सकाळच्या तपासणीशिवाय काहीही नाही. बॅग उघडली. बोर्ड त्याच्या पिशवीत, सेल त्याच्या पिशवीत.

ॲम्ब्युलन्स मुरुडला निघाली तेव्हा मी अव्वांपाशी गेले. मला राहवेना. "अव्वा, मी सिस्टरशी खोटं बोलले. आतून कॉल आलाच नव्हता."

त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. "खोटं कुटं बोललीस माय? हाक आली म्हनलीस. आली व्हती की."

ते कवच त्या सोबत घेऊन गेल्या. मी मागितलं नाही.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, भास असतो असा, मोबाईल नसतानाही खिसा थरथरल्यासारखा वाटतो लोकांना. म्हटलं, दोघींना एकदम? आणि त्या म्हातारीनं तर जन्मात मोबाईल वापरलेला नाही. जवळ जनरेटर असेल, म्हणाला. जनरेटर दवाखान्याच्या मागच्या अंगाला होता, आणि लाइट गेलेलीच नव्हती. आणि जनरेटर काय मी ठरवलेल्या ठेक्यात थरथरतो का? मग तो उठून चहा ठेवायला गेला. तो बोर्ड आम्ही दोघांनी नंतर किती वेळा तपासला, पण तो मेलेला होता तो मेलेलाच राहिला.

तेव्हा मंडळी, कारण विचाराल तर माझ्याकडे नाही. अजूनही नाही. ज्यांना लिहायचंय त्यांनी खाली खुशाल लिहा, मी वाचेन, पटलं तर मान्यही करेन. मला एवढंच माहीत आहे की अव्वांनी लिंग ठेवलं, तेव्हा अप्पांचा हात माझ्या हातात होता. आणि तो गरम होता.