माझ्या साडूचे सोळा आणे

२०२३ साली मी बहात्तर वर्षांचा होतो, आणि तोवर खड्ड्यात पडून विद्वान झालेला माणूस मी एकच पाहिला होता, तो म्हणजे माझा साडू. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. दोघी बहिणी जामखेडकडच्या आमच्या एकाच गावात दिल्या, त्यामुळं हा माणूस जन्माचा माझ्या शेजारी आला. एकदा श्रीगोंद्याला ऊसतोडीच्या कामाला गेला होता, तिथं एका ठेकेदारानं रस्त्याकडेला खणून ठेवलेल्या चरात पडला. पाय मोडला. चराला ना दोरी, ना दिवा, ना पाटी, म्हणून यानं वकील गाठला आणि नगरच्या कोर्टात खेटे घालून घालून केस जिंकली. खड्ड्यांत मीही कमी पडलेलो नाही. विहिरीच्या कामावर पडलो, पुलाखाली पडलो, मला कुणी काही शिकवलं नाही. हा मात्र चरातून निघाला तो लंगडत आणि कायदा बोलत.

त्याआधी गावातली भांडणं तोडायला माणसं माझ्याकडं यायची. मी तिसरीपर्यंतच शिकलो, पण माझी रीत पक्की होती. दोघांनाही शिव्या घालायच्या आणि चहा पाजून घरी पाठवायचं. साडूनं ते सगळं मोडलं. कुणाला कुठं लागलं की हा काठी टेकत हजर, आणि त्याचे ते चार प्रश्न. "काळजी घ्यायचं काम कुणाचं हुतं? त्यानं ती घेतली का? न्हाई घेतली म्हनूनच लागलं, का दुसऱ्या कशानं? आन लागलं किती?" एवढं विचारून डोळे मिटायचे आणि दोषाचे सोळा आणे ज्याचे त्याला वाटून द्यायचे. देवळात भंडाऱ्याच्या दिवशी एक म्हातारा ओल्या फरशीवर घसरला. सगळे म्हणाले, देवाची इच्छा. साडू म्हणाला, "देवाला मधी घेऊ नका. फरशी धुनाऱ्यानं वर पोतं टाकलं न्हाई, बारा आणे त्याचे. बाबा पंगत धरायला पळत हुते, चार आणे बाबांचे." आणि कंबर चोळत बसलेल्या म्हाताऱ्यालाही ते पटलं. माझ्या पुतणीच्या लग्नात मांडवाची दोरी वाटेत आडवी दिसली, तर तिला लाल फडकं बांधून होईपर्यंत यानं नवरदेवाला घोड्यावर ताटकळत ठेवलं. वऱ्हाडानं त्याचे आभार मानले. मांडव मी घातला होता.

घरातही तेच. दूध उतू गेलं की बायको म्हणायची, "दाजींच्या हिशोबानं यात तुमचे सहा आणे हायेत." आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या हिशोबानं तिनं कधी काही मोजलं नाही.

माझ्याकडं होती आणि त्याच्याकडं नव्हती अशी एकच गोष्ट, माझा खिल्लार बैल. माझ्याशिवाय तो कुणाला जवळ येऊ देत नाही, ढोरांच्या डॉक्टरला त्यानं कुंपणावर चढवलं, हे मी टपरीवर रोज नव्यानं सांगायचो. साडूला तेही बघवलं नाही. म्हणाला, "पाव्हणं, बैल मारका हाय हे तुमीच गावभर सांगताय. उद्या कुणाला लागलं तर आपल्याला काय ठावं, असं म्हनायची सोय ऱ्हायली न्हाई तुमाला. आन दावं झिजलंय, ते बदला." तेव्हापासून रोज सकाळी काठी ठकठकवत माझ्या गोठ्यावरून जायचा आणि दाव्याकडं बघून मान हलवायचा. दावं मी बदलणारच होतो. पण त्यानं सांगितल्यावर कसं बदलणार?

दिवाळीनंतर एका सकाळी ते तुटलं. साडू नेमका तेव्हाच गोठ्यासमोर आला होता. बैलानं नुसता खांदा लावला, पण साडूचा खुबा मोडला.

दवाखान्यातून त्याला घरी आणलं त्या संध्याकाळी मी बायकोला घेऊन गेलो. खोलीत निम्मं गाव होतं. त्याचा पोरगा माझ्याकडं न बघता बापाला म्हणाला, "तात्या, ठेकेदाराला सोडलं न्हाई, मग हितं का सोडायचं?" सगळे माझ्याकडं बघायला लागले. जे काय भरून द्यावं लागेल ते मी देणार होतो. पण या माणसाच्या तोंडून, निम्म्या गावासमोर, मी दोषी ठरणार होतो. ते माझ्यानं ऐकवलं नसतं.

साडूनं खाटेवर पडल्या पडल्या स्वतःलाच चारही प्रश्न विचारले आणि डोळे मिटले. मग म्हणाला, "सोळाच्या सोळा आणे माझे. दावं झिजलेलं मला ठावं हुतं. आन बैल मारका हाय हे पाव्हण्यांनी गावभर सांगितलंय, त्याच्याहून मोठी पाटी कुठली लावायची? तरी मी त्याच वाटंनं गेलो."

मला हायसं वाटायला हवं होतं. उलट डोक्यात तिडीक गेली. बैल माझा, गोठा माझा, दावं माझं, आणि माझ्या वाट्याला एक आणाही नाही? मोठ्या मनाचं ठरायचं तेही यानंच.

"ते जमायचं न्हाई," मी म्हणालो. "बारा आणे माझे."

"न्हाई मिळायचे."

"मग आठ द्या."

"पाव्हणं, कोर्ट मी बघितलंय."

"आन दावं मी बांधलंय."

पोरगा एकदा त्याच्या आणि एकदा माझ्या तोंडाकडं बघत राहिला. दारातून बायको म्हणाली, "आवो, दाजी म्हनतात तर ऐका की." इथंही तिला दाजींचंच खरं.

साडूनं पुन्हा डोळे मिटले. झोप लागली असं मला वाटलं. मग डोळे न उघडता म्हणाला, "चार आणे घ्या. जास्त मागू नका."

ते घेऊन मी घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधीच जाऊन बसलो आणि नवं दावं आणलं. बैलाला बांधलं, गाठ दोनदा ओढून बघितली. मग उगीच रस्त्याकडं बघत उभा राहिलो. या वेळेला काठीची ठकठक यायची. गाठ चांगली बसली होती, पण तिला नाव ठेवायला कुणी आलं नाही. शेवटी दाव्याचा उरलेला तुकडा घेतला, त्याला तशीच गाठ मारली आणि साडूच्या खाटेपाशी नेऊन त्याच्या हातात दिली.

म्हणालो, "घ्या. काय चुकलंय ते सांगा."