निकालमावशी आणि दारावरचं स्टूल

आजकालची भुतं आळशी झाली आहेत. स्वतः काही करत नाहीत. कोपऱ्यात केस सोडून उभी राहतात आणि घाबरवायचं काम संगीतवाल्यावर सोपवतात. तो धाडकन काहीतरी वाजवतो, आपण दचकतो, आणि भूत फुकटचं नाव कमावतं. आमच्या सफाई कामगार संघटनेतही असे दोन-तीन आहेत, पण तो विषय वेगळा.

भुताचे सिनेमे मी आवडीने बघते. दिवसभर जिवंत माणसांशी भांडून आल्यावर मेलेल्यांची संगत बरी वाटते. त्यामुळे यंदाचा कुठला बघावा आणि कुठला सोडावा, हे मी झोपेतसुद्धा सांगेन. लिफ्टमध्ये अडकलेल्या सहा जणांचा सोडा. दातांच्या डॉक्टरचा बघा, पण दाढ दुखत असेल तर नको. जुळ्या बहिणींचा मध्यंतरापर्यंत बघा आणि घरी या. पण माझ्या मताला आमच्या भागात काळं कुत्रं विचारत नाही. सगळे विचारतात निकालमावशीला.

निकालमावशी चौकातल्या सिनेमागृहात केर काढते. तिने तिथला एकही सिनेमा पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलेला नाही. खेळ संपत आला की मागच्या दारातून आत येते, शेवटची किंकाळी ऐकते, दिवे लागले की झाडू घेऊन खाली वाकते. तिचा सिनेमा तिथे सुरू होतो. जमिनीवर.

“घाबरलेला माणूस कागद चुरगळतो,” ती मला एकदा म्हणाली, “आणि कंटाळलेला घड्या घालतो. ज्या खेळाला खुर्च्यांखाली कागदाच्या होड्या सापडतात ना, तो सोडायचा.”

हे तिचं शास्त्र. पॉपकॉर्न सगळ्या रांगांत एकाच वेळी उडालेले असले, तर नुसता आवाजाचा दचका. लिफ्टच्या सिनेमाला तसंच झालं होतं: एकदा उडाले, बाकीचे डबे चाटूनपुसून साफ. खरी भीती असली तर पॉपकॉर्न थोडे थोडे सांडतात, हात थरथरतो म्हणून. शीतपेयाच्या नळ्या चावून चपट्या होतात. पुढच्या खुर्चीच्या पाठीवर बुटांचे ठसे उमटतात, कारण लोक पाय वर घेऊन बसतात. पायाला कुणी धरेल असं वाटतं. दातांच्या डॉक्टरच्या सिनेमाला तर एका बाईची चप्पल तीन रांगा पुढे निघाली.

केर भरला की मावशी समोरच्या चहाच्या टपरीवर यायची. पुढच्या खेळाचे लोक तिकीट काढण्याआधी तिथेच घुटमळत. “मावशी, काय निकाल?” ती पहिला घोट घ्यायची आणि एकच शब्द बोलायची. “बघा.” किंवा “सोडा.” दुसरा शब्द विचारला तर डोळे वटारायची.

आता तिचं नेहमी बरोबर यायचं असं नाही. एक सिनेमा आला होता, एका घरातून रोज एक वस्तू नाहीशी होते त्याचा. खुर्ची जाते, घड्याळ जातं, आणि ती वस्तू तिथे होती हे घरातल्या एकालाच आठवतं. शेवटी आई जाते. माझ्या मते यंदाचा सर्वांत चांगला भयपट. भूत नाही, रक्त नाही, संगीतवाल्याला तर जवळजवळ सुट्टीच. मावशीने जमीन पाहिली. स्वच्छ. कागद नाही, दाणा नाही. म्हणाली, “सोडा.” लोकांनी सोडला. दोन-चार दिवसांत सिनेमा उतरला.

मी तिला गाठलं. “मावशी, अहो लोकांनी तोंडात दाणा टाकला नाही! भरलेले डबे तसेच हातात धरून बाहेर आले. बाहेरच्या कट्ट्यावर ठेवून गेले.”

“बाहेरचा केर माझ्याकडे नाही,” ती फणकारली.

“म्हणून निकाल चुकला.”

“तू संघटना सांभाळ, पुढारीणबाई. जमीन मला शिकवू नकोस.”

चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी टपरीवर माझ्या चहात स्वतःहून जास्तीची साखर घालायला सांगितली आणि म्हणाली, “तो घराचा. चुकलाच.” तेवढंच.

पण मुद्दा निकालाचा नव्हता, गुडघ्यांचा होता. त्या सिनेमागृहातल्या खुर्च्यांचे पाय असे जवळजवळ आहेत की लांब दांड्याचा झाडू खाली जातच नाही. प्रत्येक रांगेत खाली बसायचं, सरकायचं, उठायचं, परत बसायचं. वर्षानुवर्षं. डॉक्टर म्हणाला, वंगण संपलंय. घर तिसऱ्या मजल्यावर, जिने दगडी, कठडा हलणारा. ती संध्याकाळी दर जिन्यावर थांबते आणि वरून तिची लेक ओरडते, “आई, आलीस का?” ही खालून ओरडते, “येते गं, अजून मेले नाही.”

मी मॅनेजरकडे अर्ज केला होता, की या बाईला दारावरचं काम द्या. तिकीट फाडायचं, आणि बसायला एक स्टूल. राजवाडा नव्हता मागितला. मॅनेजर म्हणजे तोंडभर हसून नाही म्हणणारा माणूस. “मॅडम, दारावर उभं राहावं लागतं, ती शिस्त आहे.” मी टेबलावर हात आपटला, त्याने पाणी मागवलं. दुसरा अर्ज, तिसरा अर्ज. अर्ज करून करून माझीच बोटं सुजायची वेळ आली. असल्या लढाया कुणाच्या कानावर जात नाहीत. एका स्टुलासाठी कोण मोर्चा काढणार?

आणि मग एक दिवस स्टूल आपणहून चालत आलं.

मॅनेजरने टपरीवरची गंमत पाहिली होती. लिफ्टवाल्या सिनेमाला मावशी “सोडा” म्हणाली आणि रांग फुटून लोक पांगले, तेव्हा तो वरच्या खिडकीत उभा होता म्हणे. त्याने तिला बोलावलं. गोड बोलला. दारावरचं काम देतो, स्टूल देतो, गादीचं देतो. फक्त कुणी विचारलं तर “बघा” म्हणायचं. प्रत्येक सिनेमाला.

हे मला तिने टपरीवर सांगितलं आणि माझं डोकं फिरलं.

“तुमचं मत विकत घेतोय तो!”

“घेऊ दे. पडूनच होतं.”

“लोकांचा विश्वास आहे तुमच्यावर.”

“विश्वास गुडघ्याला चोळता येतो का?”

“मावशी, मी त्या माणसाला…”

“तू काय करशील गं? ओरडशील. ओरडलीस ना वर्षभर?” ती कपाकडे बघत म्हणाली. रागाने नाही, दमून. “लेक काय म्हणाली माहितीये? आई, मत गिळून टाक आणि बस.”

लेक चष्म्याच्या दुकानात काम करते, व्यवहारी पोर आहे. मी दोघींच्या चहाचे पैसे दिले आणि उठले.

मावशी बसली. लाल गादीचं स्टूल, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी, कारण डुगडुगत होतं. लोकांना आधी आनंद झाला. मावशीला बढती! “मावशी, काय निकाल?” “बघा.” आत गेले. बाहेर आले ते वैतागून. पुढचा सिनेमा. “बघा.” तोही भिकार. कॉलेजच्या दोन पोरी कमरेवर हात ठेवून तिच्यासमोर उभ्या राहिल्या. “मावशी, डोकं उठलं आमचं.”

“मग डोळे मिटून घ्यायचे.”

“कान कुठे मिटणार?”

हळूहळू लोक विचारेनासे झाले. तिकीट पुढे करायचे, ती फाडायची, मान वर करायची नाही. गुडघ्यांची सूज मात्र उतरली. जिन्यात आता एकदाच थांबते, असं लेकीने मला मुद्दाम दुकानाबाहेर येऊन सांगितलं. मी म्हटलं, बरं झालं. आणि बरंच झालं होतं, त्यात खोटं काही नव्हतं.

एका दुपारी खेळ चालू असताना मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. मी आतला सिनेमा आदल्या दिवशी पाहिला होता. एका बसचालकाला आरशात असे प्रवासी दिसतात जे बसमध्ये नाहीत. कल्पना चांगली, पण दिग्दर्शकाला आपण हुशार आहोत हे सांगायची घाई झालेली. मी म्हटलं, “निदान मला तरी खरं सांगा. कसा आहे?”

“मला काय माहीत?”

“मला नका सांगू ते मॅनेजरचं. खरं मत.”

“खरंच सांगते, मला कळतच नाही आता.” तिने फाटलेल्या तिकिटांचे तुकडे मुठीत गोळा केले. “जमीन दिसत नाही ना. इथून तोंडं दिसतात नुसती, आणि तोंडं खोटं बोलतात. घाबरलेला पण हसत बाहेर येतो, कंटाळलेला पण हसत बाहेर येतो. तिकिटाला पैसे घातलेत ना, मग कोण रडत येणार?”

मला वाटत होतं ती आतलं मत लपवून बसली आहे. तसं नव्हतं. लपवायला काही उरलंच नव्हतं.

“मग ‘बघा’ म्हणताना काही वाटत नाही?”

“आधी वाटायचं,” ती म्हणाली. “आता घसा दुखतो तेवढाच.”

तेवढ्यात टेलरकाका आले. पलीकडच्या गल्लीत त्यांचं शिलाईचं दुकान आहे. बायको गेल्यापासून आठवड्यातली एक दुपार दुकान बंद ठेवून भुताचा सिनेमा बघतात. मी एकदा विचारलं होतं, या वयात कशाला? म्हणाले, “घरात इतकं शांत असतं, की ओरडायला काहीतरी निमित्त लागतं.” बाकी सगळ्यांनी विचारणं सोडलं होतं, काकांनी नव्हतं. त्यांना मावशीच्या स्टुलामागची गोष्ट माहीत नव्हती, किंवा माहीत असून विचारायची सवय सुटत नव्हती.

“मावशी, काय निकाल?”

आत खेळ संपत होता. शेवटचं धाडधूम दाराबाहेर ऐकू येत होतं. मॅनेजर दोन पावलांवर उभा, मोबाइलमध्ये डोकं, पण कान इकडे. मावशीने तोंड उघडलं, “ब” पर्यंत आली, आणि थांबली. काका चष्मा पुसत वाट बघत होते.  

मग ती उठली. लोक बाहेर यायला लागले होते, त्या लोंढ्यातून उलटी आत गेली. मी मागे गेले. खुर्च्यांच्या पाठी धरत धरत ती मधल्या रांगेपर्यंत पोचली आणि मोठ्या कष्टाने खाली बसली. तिच्या जागी लागलेली नवी बाई झाडू घेऊन बघतच राहिली. “मावशी, काही पडलंय का तुमचं?”

“थांब जरा, झाडू लावू नकोस.”

खुर्चीखाली कागदाच्या होड्या होत्या. एक होती, दोन होत्या, आणि मग एकाने तर तिकिटाचं चिमुकलं विमान केलेलं होतं, पंखांना नीट घड्या घालून. मावशीने ते उचललं, बघितलं, परत ठेवलं. मला हात दिला. मी तिला ओढून उभं केलं. तिचे गुडघे वाजलेले मला ऐकू आले.

दाराशी येऊन ती टेलरकाकांना म्हणाली, “सोडा.”

मॅनेजरने मोबाइल खाली केला. चेहऱ्यावर हसू तसंच होतं, विझवायला विसरलेल्या दिव्यासारखं. “मावशी, आपलं काय ठरलं होतं?”

“ठरलं होतं ते खरं.”

“मग आता उठावं लागेल.”

“उठलेच आहे मी,” मावशी म्हणाली.

खरंच, ती उभीच होती. मॅनेजरने स्टूल स्वतः उचलून आत नेलं. पुठ्ठ्याची घडी तिथेच राहिली.

आणि टेलरकाका? त्यांनी खिशातून तिकीट काढलं. आधीच घेतलेलं होतं.

“अहो काका!” मी ओरडले. “तिने नोकरीवर पाणी सोडलं तुमच्यासाठी, आणि तुम्ही तरी आत चाललात?”

“आता घरी जाऊन काय करू?” ते ओशाळून म्हणाले. “अजून पूर्ण दुपार पडलीये.”

“मग विचारलंत कशाला?”

“विचारायचं असतं हो,” काका म्हणाले, आणि तिकीट मावशीपुढे धरलं. तिने फाडलं. नवा माणूस दारावर येईपर्यंत काम तिचंच होतं.

माझं अंग नुसतं पेटलं होतं. मी सांगून टाकलं, उद्या सकाळी गेटला कुलूप घालते, सगळ्या सफाईवाल्यांना बोलावते, स्टूल नाही तर खेळ नाही. मागे अशा चार गेटांना कुलपं घातली आहेत मी. त्यातली दोन तासाभरात तोडली गेली, ते सोडा.

मावशी भिंतीला टेकली होती. एक पाय उचलून दुसऱ्यावर भार, मग उलटं.

“कुलूप घाल,” ती म्हणाली. “पण मागायचं ते नुसतं माझ्यासाठी नको. ती आत झाडतेय ना, तिचे गुडघे अजून चांगले आहेत. तिच्यासाठी पण माग. आणि खुर्च्या जरा लांब लांब लावायला सांग.”

“सांगते. आत्ताच जाते वर.”

“आत्ता नको गं, पुढारीणबाई. उद्या भांड.” तिने माझा खांदा धरला, चांगलाच जड हात होता. “आज मला घरापर्यंत सोड. तिसरा मजला आहे.”