सांगवी ते कुरुळी: एका बॅलनची फेरी

रविवारी सकाळी साडेसातला सांगवीहून बाइक काढली. सॅकमध्ये स्वतः गुंडाळलेला बॅलन, म्हणजे अँटेनाच्या तारेचा आणि केबलचा मेळ घालणारी डबी. दहाच्या आत तो कुरुळीत चढवायचाच होता.

कारण सांगतो. आम्हा हौशी रेडिओवाल्यांची दर रविवारी दहाला रेडिओवर हजेरी होते. घेणारे लातूरकडचे निवृत्त गुरुजी. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला असलेला दत्ताभाऊ त्यांचाच विद्यार्थी. तीन महिने तो कुरुळीहून घसा ताणून "हजर" म्हणतोय, आणि गुरुजींचं ऐकू येतं, "दत्ता गैरहजर." आज गुरुजींची शेवटची हजेरी. उद्या ते मुलीच्या फ्लॅटवर जाणार. तिथली सोसायटी गच्चीवर तार बांधू देत नाही.

जाणाऱ्यांनी नाशिक फाटा, भोसरी, मोशी असा रस्ता धरावा. मोशीत मिसळ खाल्ली, ऐंशी रुपये, तर्री झकास. पुढे चिंबळी फाट्यावर ट्रेलर आडवा झालेला. पाऊण तास जीव नुसता टांगणीला!

पोचलो तेव्हा सव्वानऊ. गच्चीवर दत्ताभाऊच्या घरमालकीण मावशी विचारत होत्या, "ही तार कापडं वाळत घालायला न्हाई व्हय?" दत्ताभाऊनं हात जोडले आणि मला आत नेलं.

"मीटर बगा की राव. ट्यूनर लावला की एकास एक. एकदम ओके!" ताकद किती परत फिरते ते हा मीटर सांगतो, एकास एक म्हणजे काहीच नाही; आणि ट्यूनर हा आकडा रेडिओपुरता जुळवून देतो.

माझा संशय त्याच्या बॅलनवरच होता. त्याला रेडिओवर मिनिटभर बोलायला लावलं, मग तार उतरवून त्या बॅलनला हात लावला. चटकाच बसला! साध्या तारेला एकास एक प्रमाणाचा बॅलन लागतो, यानं चारास एक प्रमाणाचा लावलेला. ट्यूनर रेडिओची समजूत काढत होता आणि ताकद वाटेतच तापून संपत होती.

नवा बॅलन चढवला, ट्यूनर बंद केला. मीटरवर दीडास एक.

"दीड? आमच्यात हे रिजेक्ट की!" त्याचा हात परत ट्यूनरकडे.

"हात मागं घे!" मी खेकसलोच. "दीड चालतं."

दहा वाजले. एकेक नाव घेत गुरुजी दत्तापर्यंत आले. "दत्ता?"

"हजर, गुरुजी!"

नुसती खरखर. मग, "दत्ता? अरे, होतास कुठं इतके दिवस? हजर लिहितो. पुढच्या रविवारपासून हजेरी तूच घे."

दत्ताभाऊनं लगेच वही ओढली आणि उरलेली नावं लिहून घ्यायला लागला.

जुना बॅलन आता माझ्या टेबलावर आहे. दत्ताभाऊनं त्याला कंपनीतल्यासारखा लाल रिजेक्ट टॅग बांधून दिला. पुढच्या रविवारी घरी रेडिओ लावला, तर हजेरी सुरू झाली होती. दत्ताभाऊनं पहिलं नाव गुरुजींचं घेतलं. नुसती खरखर आली. गैरहजर म्हणाला नाही; पुढचं नाव घेतलं.