बांधलेलं बटण

आमच्या घरात 'नशीब' हा शब्द काढायची सोय नव्हती. वडील पिंपरीच्या एका कारखान्यात आयुष्यभर लेथवर उभे राहिले. पौर्णिमेला विहारात जायचे, आणि कोणी "नशिबात होतं" म्हणालं की तिथल्या तिथे अडवायचे, "नशीब नाही, कारण असतं. शोध." त्यामुळे मी महाळुंग्याच्या एका कंपनीत प्रेस शॉपला सुपरवायझर लागलो आणि बिघाडाचं मूळ शोधायला ओळीने पाच वेळा 'का' विचारणारा छापील कागद तिथे पाहिला, तेव्हा घरचंच कोणी भेटल्यासारखं वाटलं. मोटर जळली. का? तेल संपलं. का? असं पाचव्या 'का'पर्यंत उतरलं की मूळ कारण हाती लागतं, अशी ती पद्धत. तो कागद भरण्यात मी पटाईत होतो आणि त्याचा मला गर्वही होता.

पत्र्याला दाबून आकार देणारे आमचे प्रेस जुने. पत्रा साच्यात ठेवायचा आणि दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबायची, मग वरचा जड भाग खाली येतो. दोन्ही हात बटणांवर असले की साच्यात एकही राहत नाही, एवढाच त्यामागचा विचार. पण दोन्ही हात अडकले की काम रेंगाळतं. म्हणून डावं बटण सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने दाबून बांधून टाकायचं आणि डावा हात पत्रे सरकवायला मोकळा करायचा, ही आमच्याकडची जुनी खोड. कोणी शिकवत नाही, सगळ्यांना येते. आणि प्रत्येकाला वाटतं, आपला हात चपळ आहे.

त्यातल्या एका प्रेसवर मामा होते. तिथल्याच जुन्या गावचे, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, म्हणून सगळेच त्यांना मामा म्हणायचे. त्या मंगळवारी सकाळी दहाला मी त्यांच्या प्रेससमोरून गेलो. पट्टी दिसली. शेजारचा प्रेस बंद होता, त्याचंही काम मामांवर आलं होतं, आणि फळ्यावरचा उत्पादनाचा आकडा मागे पडला होता. मामांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी कानाडोळा केला आणि पुढे गेलो. दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर मामांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली.

कागद मीच भरला. बोटं का गेली? हात साच्यात होता. का? एक बटण बांधलेलं होतं. का? काम मागे पडलं होतं. का? शेजारचा प्रेस बंद होता. का? त्याचा सुटा भाग आला नव्हता. मूळ कारण, सुटा भाग वेळेवर न येणे. उपाय, असे दोन भाग कायम शिल्लक ठेवणे. मॅनेजर म्हणाले, "छान भरलंय." पाच पायऱ्या उतरलो आणि वाटेत एकही माणूस भेटला नाही. माझा जीव भांड्यात पडला, हे लिहिताना आज लाज वाटते.

तरी जेवण जात नव्हतं. तेव्हा भोसरीहून कंपनीच्या बसने जाताना मी मोबाइलवर एका गृहस्थांची भाषणं ऐकू लागलो. माणूस स्वतः काहीच ठरवत नाही, आधी घडलेलं सगळं मिळून त्याच्याकडून करवून घेतं, असं ते फार शांतपणे सांगायचे. बरं वाटायचं. मला थांबता आलंच नसतं, मग रुखरुख कसली? काही दिवस झोपही छान लागली. पुढे मात्र वेगळंच सुरू झालं. भाजी कोणती आणू, असं बायकोने विचारलं की मी "काहीही" म्हणायचो. मुलीवर ओरडणं सोडलं, तसं तिचं कौतुक करणंही सुटलं. कोणीच कशाचा धनी नसेल तर रागवायचं कोणावर आणि शाबासकी द्यायची कोणाला? "तुम्ही घरात असून नसल्यासारखे आहात," बायको म्हणाली, आणि ते खरं होतं. वडिलांनी उंबऱ्याबाहेर ठेवलेलं नशीबच मी 'कारण' असं नाव देऊन आत घेतलं होतं.

कागदावर जखमी कामगाराची सही लागते. दोन महिन्यांनी ती घ्यायला मी मामांच्या घरी गेलो. मामींनी चहा दिला. मी पाचही 'का' वाचून दाखवले. मामांना हायसं वाटेल, अशी माझी अपेक्षा होती.

"संपलं?" मामा म्हणाले.

"संपलं. तुमच्यावर काही ठपका नाही, मामा."

"आन् बटन कुनी बांधलं?"

"तुम्हीच. पण त्यामागे कारण..."

"कारन आसंल. पट्टी मी घरनं नेली व्हती." मामांचा आवाज चढला. "कुठला पार्ट आला न्हाई म्हून माझी बोटं गेली व्हय? मंग मी कोन? दोन म्हैनं झालं, ह्या हातानं तांब्या धराया शिकतुया. त्ये बी त्या पार्टानंच केलं का? चूक माझी हाय, साहेब. ती माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या. ती बी तुमी नेली, तर माझं असं काय ऱ्हातंय?"

मग मामा हळू आवाजात म्हणाले, "त्या दिशी धा वाजता तुमी बघितलं. मी वाट बघत व्हतो. तुमी नुसतं 'मामा' म्हनला असता, तरी काढली असती पट्टी."

'काम मागे पडलं होतं' हे तोंडाशी आलेलं मी गिळलं. त्या सकाळी मला खरंच थांबता आलं असतं का, हे आजही मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण ज्याला थांबता आलं असतं असा माणूस मला व्हायचं होतं, एवढं मला तिथे कळलं. त्यासाठी न थांबल्याचं ओझं घ्यावं लागणार असेल, तर ते घेणं भाग होतं.

"मी पाहिलं होतं, मामा. पाहून पुढे गेलो." बोलताना मला रडू आलं.

मामांनी माझ्या खिशातलं पेन काढून माझ्याच हातात दिलं. "लिवा मंग. वर माझी चूक, खाली तुमची. मंग करतो सही."

पंख्याच्या वाऱ्याने कागद उडत होता. मामांनी आपला तीन बोटांचा डावा हात ठेवून तो दाबून धरला, आणि मी लिहायला लागलो.